नकाशातून गेलेली बस

आमच्या घरात डायनिंग टेबल होतं, पण लग्नानंतर कितीतरी दिवस मी त्यावर एक घाससुद्धा खाल्ला नाही. त्यावर नवऱ्याचा नकाशा असायचा. प्लायवूडचा मोठा फळा, फळ्यावर कागद, कागदावर टाचण्या आणि टाचण्यांना गुंडाळून ताणलेली माझी मरून रंगाची लोकर. आम्ही खाली चटईवर जेवायचो. पाहुणा आला की नवरा त्याला आधी टेबलाकडं न्यायचा आणि मग पाणी विचारायचा. त्या नकाशाशी माझं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. आज इतक्या वर्षांनी ते सरळ झालंय असं खोटं कशाला सांगू?

मध्य प्रदेशातले दिवस, ऐंशीनंतरचे. नवरा भिलाईतल्या एका कॉलेजात सिव्हिल शिकवायचा आणि त्यातच पीएच.डी. करत होता. सासरे नागपूरकडचे, रेल्वेतले. जन्मभर दुर्गच्या लायनीवर छोट्या छोट्या स्टेशनांच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि रिटायर झाल्यावर जुनवानीला प्लॉट घेऊन घर बांधलं. पुढं वर्षभरात ते गेले. तेव्हा जुनवानीला धड रस्ता नव्हता. शेतातून वाट यायची, पावसाळ्यात तीही यायची नाही. घरात आता सासूबाई, नवरा आणि मी.

मी नंदिनी नगरला शाळेत शिकवत होते. नंदिनी म्हणजे चुनखडीच्या खाणींची वसाहत, जामूलच्या पुढं. नोकरी लग्नाआधीची, पक्की, माझ्या जिवावर मिळवलेली. तिथं प्रार्थनेच्या घंटेआधी पोचवणारी बस एकच, भिलाईतल्या पॉवर हाऊस स्टँडहून सकाळी सुटणारी, दुर्गच्या एका मालकाची. ती चुकली तर पुढची बस मला जेवणाच्या सुट्टीत उतरवणार. म्हणजे ती बस होती तोवर माझी नोकरी होती. हे माझ्याइतकंच घरातल्या बाकी दोघांनाही ठाऊक होतं.

सासूबाईंना ती नोकरी डोळ्यांत खुपायची. नवऱ्याला खुपायची नाही. त्याला ती दिसायचीच नाही. रोज सकाळी स्कूटरवर मला पॉवर हाऊसच्या स्टँडला सोडायचा तो, पण बोलायचा तो रस्त्याबद्दल. हा किती रुंद होणार, तो कसा मरणार. मी मागं बसून पदर सांभाळत ऐकायचे.

त्याचा विषय असा: रस्त्यांचं जाळं वाढतं कसं. दुर्ग, भिलाई, कुम्हारी, नंदिनी, अहिवारा, जुनवानी अशा टाचण्या. मोठी गावं एकमेकांना जास्त ओढतात, लांबची कमी ओढतात, हा पहिला नियम. ज्या वाटेनं माणसं जास्त जातात तिथं लोकरीचा आणखी एक पदर चढवायचा, जिथं कमी जातात तिथला एक पदर काढायचा, हा दुसरा. एवढं केलं की एक वर्ष झालं. मग पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्याचे आकडे चालायचे, पण तिथं नंबर लागेपर्यंत दम निघायचा नाही, म्हणून घरी लोकर. आम्ही मास्तरणी बसमध्ये विणायचो. माझा स्वेटर अर्ध्या पाठीवर आला होता, तेव्हा याला लोकर हवी झाली. मी नको म्हटलं. संध्याकाळी घरी आले तर कुम्हारीकडं जाड मरून दोर ताणलेला. विचारायची तसदी न घेता वस्तू उचलायची या घरात पद्धतच होती.

एक गोष्ट कबूल करते, नाइलाजानं. त्याचं डोकं चांगलं होतं. जुनवानीची टाचणी त्यानं लावली तेव्हा तिला एकच पदर होता आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर तिथं तो पदरावर पदर चढवू लागला. शेजारचे हसायचे. पुढं तिथं एवढी घरं झाली की सासऱ्यांच्या प्लॉटसमोर गाडी लावायला जागा राहिली नाही. म्हणजे मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं.

नियम झाले, आता रस्त्यावरची खरी माणसं मोजायची होती. कॉलेजला सुट्ट्या कधी, तर गणपतीच्या आधी-नंतर. म्हणून हा पोळ्यानंतरच्या त्या आठवड्यात स्टँडवर खुर्ची टाकून, वर छत्री उघडून बसला. प्रत्येक बसमध्ये किती चढले, किती उतरले. डबा मीच सकाळी भरून द्यायचे. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "नंदिनीची बस तर खालीच धावते ना. मले वाटलं होतं भरत असन."

मी पीठ मळत होते. म्हटलं, "तीजा आहे म्हणून खाली आहे. आठ दिवस थांबा."

"तीजाचा काय संबंध?"

आता हे मी त्याला समजावून सांगितलं होतं, तेव्हा इथंही सांगते. तीजा म्हणजे आपली हरतालिका, तिथी तीच. आपल्यात बाई घरीच राहते, वाळूचा महादेव मांडते, उपास करते. छत्तीसगडी बाई त्या दिवशी नवऱ्याच्या घरी राहतच नाही. पोळा झाला की भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो. नातवंडं झालेली बाईसुद्धा माहेरी जाते. आदल्या दिवशी कारल्याची भाजी-भात खाऊन दुसऱ्या दिवशी उपास, आणि माहेरची नवी साडी नेसल्याशिवाय कोणी परत फिरत नाही. आणि नंदिनीच्या बसवर जगणाऱ्या बाया याच. मी सकाळी तिकडं जायचे, तीच बस येताना अहिवाऱ्यापासून त्यांना घेऊन यायची: सेक्टरमध्ये, म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, भाजीच्या टोपल्यावाल्या. बसच्या टपावर टोपल्या आणि आत पाय ठेवायला जागा नाही, असं वर्षभर. फक्त तीजाला सुनसान.

नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कावून गोष्टी सांगून राहिली? रविवार नव्हता. सरकारी सुट्टी नव्हती. कारखान्याचा भोंगा तिन्ही पाळ्याले वाजून राहिला. नॉर्मल आठवडा होता."

"त्या बायांसाठी नव्हता."

"हरतालिकेले तू कुठी गेली? आई कुठी गेली? घरीच होत्या ना."

भिलाईत दोनच पंचांगं होती, एक रविवार आणि दुसरं कारखान्याची पाळी. त्याच्या भोवतीचे सगळे साहेब, बाबू, मास्तर विदर्भातून आलेले, आपल्या बाया घरात तर जगातल्या बाया घरात. पिढी गेली इथं राहून, इथलं पाणी प्यायले, इथल्या बाईनं घासलेल्या ताटात जेवले आणि ती बाई तीजाला का येत नाही ते कोणी विचारलं नाही. फार तर म्हणायचे, दांडी मारली. आमचीही आली नव्हती. भांडी त्या आठवड्यात मीच घासत होते, ती त्याला माझ्या हातात दिसत होती.

नकाशावर नंदिनीचे पदर भराभर उतरले. दोन-तीन फेऱ्यांत एकच धागा उरला, सुतासारखा. कुम्हारीचा दोर मात्र मनगटाएवढा. मी म्हटलं, पदर काढला की बस कमी, बस कमी झाली की माणसं कमी, मग पुन्हा पदर काढणार. हे काय मॉडेल झालं? तो खूश झाला. म्हणाला, "बरोब्बर. यालेच तर नेटवर्कची वाढ म्हणते." त्याला वाटलं मला समजलं. मला समजलंच होतं.

मग बसमालक घरी आला. नवऱ्यानंच बोलावला होता, जुन्या तिकिटांचा हिशेब मागायला. पोट सुटलेला, पान खाणारा, बोलायला गोड माणूस. टेबलाजवळ उभा राहून लोकर बोटानं दाबून बघत होता. मी चहा घेऊन आले तेव्हा त्याचं बोट माझ्या धाग्यावर होतं.

"सर, ये नंदिनी वाला इतना पतला काहे है?"

"सवारी नहीं है उधर. और घटेगी."

"और ये मोटा वाला?"

"कुम्हारी. हाईवे है, छोटे कारखाने खुल रहे हैं. दस साल में देखना."

मालकानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "तो सर, सुबह की गाड़ी कुम्हारी डाल दूँ?"

"मॉडल तो यही कहता है," नवरा म्हणाला.

माझ्या हातात ट्रे होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "भैया, अभी सब औरतें मायके गई हैं. अगले हफ्ते गिनिए, फिर बताइए."

मालक विचारात पडलेला मला दिसला. खरंच दिसला. तो छत्तीसगडी होता, त्याची बायकोही माहेरीच असणार. आणखी एक क्षण गेला असता तर त्यानं मान हलवली असती. पण नवरा हसला आणि म्हणाला, "इनकी नौकरी है उधर, इसलिए." मग मालकही हसला. दोघं हसले, चहा प्यायले. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथं सकाळची भांडी घासायला घेतली. माझं म्हणणं चुकीचं आहे असं तो म्हणाला असता तर मी भांडले असते. माझं म्हणणं माझं आहे, एवढ्यानंच ते खोटं ठरलं.

गणपती उठायच्या आत बस कुम्हारीला लागली.

तीजाहून बाया परतल्या. नव्या साड्या, टोपल्या, अहिवाऱ्यापासून ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला उभ्या. बस काही येईना. काहींनी कामं सोडली, काहींनी ट्रक धरले. चुनखडी उतरवून रिकामे ट्रक खाणीकडं फिरायचे आणि भरून परत यायचे, जाता-येता जमेल तितकी माणसं उचलायचे. मीही ट्रक धरला. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि ड्रायव्हरशेजारी खाणीवर निघालेल्या तीन बाया दाटीवाटीनं. शाळेत पोचेपर्यंत केसांपासून चपलांपर्यंत पांढरी. पोरं पहिल्या दिवशी हसली, मग सवय झाली. कधी ट्रक वेळेवर मिळायचा, कधी नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, असं चालणार नाही, काय ते ठरवा.

घरी सासूबाईंनी ठरवूनच ठेवलं होतं. "राजीनामा देऊन टाक. ट्रकात बसून जाणारी सून आमच्या खानदानात नाही झाली."

"अहो, तुम्ही परत मोजा," मी नवऱ्याला म्हटलं. किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. भाजी वाढताना, कपडे वाळत घालताना. पालथ्या घड्यावर पाणी. प्रबंध टाइप व्हायला गेला होता. आकडे बदलले तर सगळी प्रकरणं बदलतील, गाइड काय म्हणतील. शेवटी एकदा चिडून म्हणाला, "एका बाईसाठी बस नाही चालत."

"एका बाईसाठी नाही. आम्ही सगळ्या ट्रकनं जाऊन राहिलो."

"ट्रक म्हणजे मालवाहतूक. तिच्यात सवारी मोजत नाही."

हे वाक्य मी विसरले नाही. रोज अंगावर दगडाची भुकटी घेऊन मी ज्या रस्त्यानं जात होते त्या रस्त्यावर नवऱ्याच्या हिशेबी मी नव्हतेच. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं. स्कूटरवर मी मागं बसायचे ती कॅरियर धरून, त्याच्या खांद्याला हात लावत नसे. माझा तिरस्कार मी लपवला नाही आणि त्यालाही तो कळत होता, असं वाटतं.

तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. मराठी गृहस्थ, वयस्क, म्हणून जेवण आमच्याकडं. हा आपल्या लोकांचा रिवाज: परीक्षा कॉलेजात, निकाल पंगतीत. सासूबाईंनी वडाभात, कढी, पुरणपोळी असा बेत केला. पाहुण्यांसाठी टेबल रिकामं झालं, नकाशा भिंतीला टेकवून उभा. त्या टेबलावर ताटं मांडली गेलेली मी प्रथमच पाहिली आणि वाढणारी मीच होते.

परीक्षकांनी कढी वाटीत घेता घेता विचारलं, "सूनबाई काय करतात?"

"मी नंदिनीला शाळेत शिकवते."

"अरे वा. जाता कशानं?"

"ट्रकनं."

त्यांचा हात थांबला. नवरा मिठाकडं बघत होता. सासूबाईंनी दारातून डोळे मोठे केले, पण मी आता थांबणार नव्हते. तीजा, बाया, मालक, चहा, कुम्हारी, सगळं सांगितलं, पोळीवर तूप वाढता वाढता, आवाज न चढवता. ते शहाणे होते. दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. मग नवऱ्याकडं वळून म्हणाले, "मुद्दा महत्त्वाचा आहे हो. शेवटच्या प्रकरणात एक ओळ टाका. स्थानिक सणांचा परिणाम या अभ्यासात विचारात घेतलेला नाही, असं. पुढच्या कोणाला तरी विषय होईल." आणि आणखी एक पोळी मागितली.

नवरा डॉक्टर झाला. पेढे वाटले. माझी बस, माझी नोकरी, त्या बायांचं पोट, सगळं एका ओळीत बसलं. ती ओळ त्यानं खरंच टाकली, सुबक टाइप करून घेतली आणि मला दाखवली. वाटलं असावं, मी खूश होईन.

त्याच आठवड्यात सासूबाईंशी माझं कडाक्याचं वाजलं. त्या म्हणाल्या, "मी उभी जिंदगी लायनीवर काढली. एक सांगते तुले. जिथी गाडी थांबत नाही, तिथी बाईनं राहू नाही." त्यांना म्हणायचं होतं, नंदिनीचा नाद सोड. मी त्यांच्याकडं बघत राहिले. गाडी जुनवानीहून नंदिनीला जात नव्हती. मग बाईनं राहू नये ती जागा जुनवानी, नंदिनी नव्हे. शाळेच्या मागं मास्तरणींसाठी दोन-दोन खोल्यांची घरं होती, त्यातलं एक रिकामं असल्याचं मोठ्या बाई मला कधीच्या सांगत होत्या. म्हातारीनं टोमणा मारला आणि मला रस्ता दाखवला. तिचे हे उपकार मी मानते.

मी ट्रंक भरली. नवऱ्यानं विचारलं, "कावून? मी काय मारलं तुले?"

"नाही."

"मग लोक काय म्हणतीन?"

"मले काय म्हणायचं होतं ते तुमी ऐकलं काय?"

जाताना मी नकाशावरची माझी लोकर सोडवून घेतली, कुम्हारीचा अख्खा दोर. टाचण्या तिथंच राहू दिल्या.

नंदिनीच्या त्या दोन खोल्यांत भिंतीसुद्धा पांढऱ्या धुळीच्या. पण सकाळी घंटा वाजली की मी दोन मिनिटांत वर्गात. पक्की नोकरी पक्कीच राहिली. संध्याकाळी ओट्यावर बसून स्वेटर पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतला. भिलाईत बोभाटा झाला की मास्तराच्या बायकोनं घर सोडलं. होऊ दिला.

महिना-दीड महिन्यानं एका शनिवारी दारात नवरा उभा. डोक्यापासून बुटापर्यंत पांढरा, भुवयासुद्धा. चष्मा पुसायला रुमाल काढला, तोही पांढरा. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कशानं आलात?"

"ट्रकनं."

तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, घर खायला उठते, आई तब्येतीची कुरकुर करते, मी परत यावं. मी म्हटलं, "बस लागली की येईन."

"गेलो होतो ना मालकाकडं," तो म्हणाला. "परवा. हात जोडले त्याले. म्हटलं, पहले जैसी सुबह की गाड़ी नंदिनी डाल दो."

"मग?"

त्यानं चष्मा परत घातला. "म्हणे, सर, आपका नक्शा तो कुछ और बोलता है."

मला हसू आलं. आवरता आवरेना. तो माझ्याकडं बघत राहिला आणि त्याच्या पांढऱ्या तोंडावर मला पहिल्यांदा दिसलं की याला कळलं. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. मी आत जाऊन त्याच्यासाठी भाकरी टाकली, त्याला पोटभर जेवू घातलं आणि अंधार पडायच्या आत खाणीतून निघणारा ट्रक कुठं थांबतो ते दाखवलं.